रिले टक करतो आणि बोर्ड रीसेट होतो: दोष कुठे शोधायचा

हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की समोरचा "पंप जोडला की..." एवढं म्हणाला तरी पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ सारखा छोटा बोर्ड, मध्ये रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) नाहीतर मॉसफेट (स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर), आणि पलीकडे १२ व्होल्टचा पंप, २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (कॉइलने उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा थेट मेन्सवरचा, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टवरचा, पंखा. टेबलावर नुसत्या एलईडीवर सगळं सुरळीत चालतं. खरा लोड, म्हणजे तो पंप किंवा पंखा, लावला की बोर्डाच्या अंगात येतं. मग माणूस कोड उघडतो, डिले वाढवतो, लायब्ररी बदलतो, शेवटी वॉचडॉग (अडकलेला बोर्ड आपोआप रीसेट करणारा टायमर) लावतो. कोडात बहुधा काहीच नसतं. करंट कुठून जातो आणि कुठल्या वायरीने परत येतो, हे कागदावर न काढताच जोडणी केलेली असते, आणि दोष नेमका त्या परतीच्या वाटेवर बसलेला असतो.

## लक्षणं

- रिले लागताना बोर्ड रीसेट होतो. सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) सुरुवातीचा मजकूर पुन्हा येतो.
- रिले सुटताना बोर्ड अडकतो, किंवा एलसीडीवर काळे चौकोन नाहीतर अगम्य अक्षरं उमटतात.
- लोड काढला की सगळं शहाण्यासारखं चालतं.
- मॉड्यूलवरचा एलईडी लागतो, पण टक आवाज येत नाही. किंवा रिले नुसता तडतडत राहतो.
- बोर्ड सुरू होताना लोड क्षणभर चालू होऊन बंद पडतो.
- ३.३ व्होल्टच्या बोर्डावर रिले एकदा लागला की सुटतच नाही.
- मॉसफेटला बोट लावता येत नाही इतका तो तापतो, आणि मोटर मात्र मरतुकडी फिरते.
- पिन बंद, एलईडी बंद, तरी लोड चालूच. रिलेच्या डबीवर टिचकी मारली की बंद.
- बंद केलेला एलईडी दिवा अंधारात मंद उजळलेला दिसतो.

पहिली दोन लक्षणं सारखी वाटली तरी त्यांची कारणं वेगळी आहेत. लागताना रीसेट होत असेल तर सप्लाय खाली बसतोय. सुटताना गडबड होत असेल तर कुठल्या तरी कॉइलमधून किंवा ठिणगीतून झटका परत येतोय. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर उचलण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि ऐका: टक लागतानाचा की सुटतानाचा? एवढ्या एका उत्तरावर पुढचं निम्मं काम वाचतं.

## हात घालण्याआधी

लोड मेन्सवरचा असेल तर प्लग उपटा आणि डोळ्यांसमोर ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. बटण चुकून न्यूट्रलमध्ये बसवलेलं असेल तर पंखा थांबतो, पण त्याच्या वायरीत फेज जिवंतच असते. खालची पहिली सहा पावलं मेन्सशिवाय करायची आहेत, आणि बहुतेकांचा दोष त्याच सहांत सापडतो.

मेन्स ब्रेडबोर्डवर घ्यायची नाही, कधीही नाही. तिथली भोकं २.५४ मिलिमीटरवर असतात आणि धक्का लागला की जम्पर निसटतो. निसटलेली फेज ५ व्होल्टच्या पट्टीवर पडली तर बोर्ड, यूएसबी केबल, लॅपटॉप आणि कीबोर्डवरचा तुमचा हात अशी सरळ साखळी तयार होते.

## १. रिले कोरडा चालवा

खर्च काहीच नाही. रिलेच्या कॉन्टॅक्टला (लोड जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना) जोडलेल्या लोडच्या वायरी काढा आणि एक सेकंद चालू, एक सेकंद बंद असा साधा प्रोग्रॅम शंभर वेळा फिरवा. सोबत सिरियलवर आकडा छापत राहा.

आकडा शंभरपर्यंत न अडखळता गेला तर रिले, त्याची कॉइल आणि बोर्ड बरे आहेत, दोष लोडच्या बाजूला आहे. मधेच पुन्हा एकपासून सुरू झाला तर लोडचा काही संबंध नाही, सप्लाय किंवा कॉइल बघा. हे पाऊल गाळून थेट नवा बोर्ड आणणारे मी पाहिलेत. नव्या बोर्डावरही तोच दोष येतो, कारण तो बोर्डात नव्हताच.

## २. उलटं लॉजिक

हेही फुकट. बाजारातली बरीचशी रिले मॉड्यूल उलट्या लॉजिकची असतात: पिन खाली (लो, म्हणजे ० व्होल्टवर) गेली की रिले लागतो. आर्डुइनो उनोमध्ये पिन आउटपुट म्हणून जाहीर केली की ती आधी खालीच जाते, आणि म्हणून सुरू होताना लोडला तो क्षणभराचा झटका बसतो. इलाज एका ओळीचा आहे: पिनमोड लिहिण्याच्या आधी डिजिटलराइटने ती पिन हाय करा. क्रम उलटवला की झटका गेला.

३.३ व्होल्टच्या बोर्डांची गंमत वेगळी. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिलेत आणि पिन "वर" म्हणजे ३.३ वर आहे. मधे १.७ व्होल्ट उरतात. ऑप्टोकपलरच्या (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देऊन दोन बाजू विलग ठेवणाऱ्या भागाच्या) आतल्या एलईडीला साधारण १.२ व्होल्ट पुरतात, त्यामुळे काही मॉड्यूलमध्ये तो पूर्ण विझतच नाही आणि रिले चिकटून राहतो. शिवाय ५ व्होल्टची बाजू ३.३ च्या पिनवर ढकलली जाते, ते त्या चिपला मानवत नाही. मॉड्यूलवर वेगळा जेडी-व्हीसीसी (रिलेच्या कॉइलचा पुरवठा) जम्पर असेल तर तो काढा, व्हीसीसीला ३.३ द्या आणि जेडी-व्हीसीसीला ५. जम्परच नसेल तर मध्ये एक छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर टाका, किंवा ३.३ व्होल्टसाठीच बनवलेलं मॉड्यूल घ्या.

## ३. सप्लाय पुरतो का

इथे थोडा वेळ काढा, कारण लागताना होणारे बहुतेक रीसेट इथेच असतात.

५ व्होल्टच्या निळ्या चौकोनी रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते. म्हणजे एका रिलेला सुमारे ७० मिलिअँपिअर. उनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर, आणि आरामात चालवायचं तर २०. तेव्हा नुसता रिले थेट पिनवर जोडला असेल तर पुढे वाचूच नका, आधी तो काढा. मध्ये ट्रान्झिस्टर लागतोच. चार रिलेंचं मॉड्यूल असेल तर सगळे लागल्यावर २८० मिलिअँपिअर झाले. त्यात डिस्प्ले, सेन्सर आणि वायफाय धरा. यूएसबीवरून उनोला ५०० मिलिअँपिअरपर्यंतच मिळतात, तेही केबल चांगली असेल तर. मोबाइल चार्जिंगच्या बारीक केबलमध्ये वाटेतच अर्धा व्होल्ट पडलेला मी मोजलाय.

बोर्डाला गोल सॉकेटमधून १२ व्होल्ट देत असाल तर आणखी एक हिशेब. त्यावरचा रेग्युलेटर उरलेले ७ व्होल्ट उष्णता म्हणून जाळतो. २०० मिलिअँपिअरला ते जवळपास दीड वॅट होतात. रेग्युलेटर तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो, थंड झाला की पुन्हा सुरू. "दहा मिनिटं चालतं आणि मग बिघडतं" या तक्रारीत आधी रेग्युलेटरजवळ बोट नेऊन पाहा.

मल्टिमीटर ५ व्होल्टच्या पिनवर लावा आणि रिले चालू-बंद करा. ४.७ च्या खाली काटा किंवा आकडा हलला तर सप्लाय संशयित. मात्र मीटर सावकाश असतो. मिलिसेकंदाची खोल घसरण त्याला दिसत नाही, म्हणून मीटरने "ठीक" म्हटलं याचा अर्थ निर्दोष नव्हे. मीटरमध्ये किमान मूल्य धरून ठेवायची सोय असेल तर ती वापरा.

बोर्ड रीसेट न होता नुसता अडकतो, त्यामागेही हीच घसरण असू शकते. उनोतली चिप १६ मेगाहर्ट्झवर चालायला सुमारे ३.८ व्होल्ट मागते, पण तिचा ब्राउनआउट पहारेकरी (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारी सोय) जागा होतो २.७ वर. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज गेलं की चिप मरतही नाही आणि शुद्धीतही नसते. ईएसपी-३२ त्यामानाने प्रामाणिक: सिरियलवर ब्राउनआउट झाल्याचं स्वतःच लिहून मोकळा होतो.

इलाज असा. रिलेला वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या. ऑप्टोकपलर असलेल्या मॉड्यूलवर जम्पर काढा, अडॅप्टरचे दोन्ही टोक जेडी-व्हीसीसी आणि ग्राउंडला, आणि बोर्डाकडून फक्त व्हीसीसी व इनपुटच्या वायरी. तिथे बोर्डाचं ग्राउंड जोडायची गरज नाही, जोडलंत तर मिळालेला विलगपणा आपणच घालवता. दुसरा अडॅप्टर शक्य नसेल तर मॉड्यूलच्या पायाशी ४७० मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर आणि जोडीला १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक. याने रिले लागतानाची क्षणभराची घसरण सांभाळली जाते. कायमचा अपुरा सप्लाय मात्र कॅपॅसिटरने पुरा होत नाही.

## ४. परतीची वाट

मॉसफेट किंवा साध्या ट्रान्झिस्टरचा मामला असेल तर उलट नियम: बोर्डाचं ग्राउंड आणि लोडच्या सप्लायचं ग्राउंड एक हवंच, नाहीतर गेटला (मॉसफेट उघडणाऱ्या पिनला) व्होल्टेज कशाच्या तुलनेत मिळणार? पण ते कुठे एक करता यावर सगळं अवलंबून आहे.

नेहमीचं चित्र असं: पंपाची काळी वायर ब्रेडबोर्डच्या निळ्या पट्टीवर, त्याच पट्टीवर आर्डुइनो, त्याच पट्टीवर सेन्सर, आणि पट्टीच्या टोकाला अडॅप्टर. जम्पर वायर आणि तिची दोन टोकं मिळून ०.१ ओहम धरा. छोटी मोटर सुरू होताना ३ अँपिअर ओढते. म्हणजे मोटर सुरू होताना बोर्डाचं "शून्य" ०.३ व्होल्टने वर उचललं जातं. सेन्सरचं रीडिंग उडतं, आणि मोटर मोठी असेल तर बोर्डही.

मोटरचा करंट आणि बोर्डाचा करंट एकाच वायरीतून परत आणू नका. अडॅप्टरच्या वजा टोकापासून दोन वेगळ्या वायरी निघू द्या, एक जाड मॉसफेटच्या सोर्सला (ग्राउंडकडच्या पिनला), एक बारीक बोर्डाला. भेटायचं फक्त त्या एका टोकावर. नवीन काही न विकत घेता, चार वायरी हलवून सुटलेले दोष मोजायला मला दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत.

## ५. डायोड आहे का, आणि सरळ आहे का

सुटताना होणारी गडबड असेल तर इथे या. कॉइलमध्ये साठलेला करंट एकदम तोडला की तो वाट शोधतो, आणि वाट न मिळाल्यास कॉइलच्या टोकांवर पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उभं राहतं. १२ व्होल्टच्या सोलेनॉइडवर शेकड्यात जाणारा झटका नवलाचा नाही. कॉइलला समांतर डायोड दिला की करंट तिथल्या तिथे फिरून विझतो.

रिले मॉड्यूलवर कॉइलचा डायोड आधीच बसवलेला असतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तो रिलेच्या कॉइलचा झाला. रिलेच्या पलीकडे जो व्हॉल्व्ह किंवा डीसी पंप आहे, त्याची कॉइल वेगळी, तिला तिचा डायोड हवा. एका ओळखीच्या माणसाचं झाडांना पाणी द्यायचं यंत्र असंच छळत होतं: पंप सुरू व्हायचा बिनतक्रार, बंद होताना एलसीडीवर वरच्या ओळीत काळे चौकोन. त्याने तीनदा डिस्प्लेची लायब्ररी बदलली होती. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ सोल्डर केला, चौकोन गेले. तो डायोड आधी ब्रेडबोर्डवर, पंपापासून मीटरभर लांब लावून पाहिला तेव्हा निम्माच फरक पडला होता. लांब वायर स्वतःच अँटेनासारखी वागते. डायोड लोडच्या अंगालाच हवा.

दिशा: डायोडवरची पट्टी अधिक टोकाकडे. उलटा लावलात तर तो सरळ शॉर्ट आहे आणि ट्रान्झिस्टर आधी जातो. पीडब्ल्यूएमने (पिन झपाट्याने चालू-बंद करून) मोटरचा वेग बदलत असाल तर १एन४००७ सुस्त पडतो, १एन५८१९ सारखा शॉटकी (चपळ डायोड) घ्या, मोटरचा करंट त्याच्या १ अँपिअरच्या मर्यादेत बसत असेल तर.

आणि हे नीट वाचा: एसी लोडवर डायोड लावायचा नाही. दर आवर्तनाच्या एका अर्ध्यात तो शॉर्ट होईल.

## ६. मॉसफेट अर्धवट उघडतोय

आयआरएफ५२० असलेली मॉड्यूल नवशिक्यांच्या संचात सर्रास येतात. तो मॉसफेट पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट मागतो. आर्डुइनो देतो ५, ईएसपी ३.३. दार किलकिलं राहतं, मधला विरोध उष्णता होतो, मोटरला उरलंसुरलं मिळतं. हीट सिंक लावून हा दोष झाकता येतो, जात नाही. ५ व्होल्टवर आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हल भाग लावा. नावातलं "एल" बघून घ्यायची सवय लावा आणि डेटाशीटमध्ये ऑन-रेझिस्टन्स (उघडल्यावर उरणारा विरोध) किती गेट व्होल्टेजला दिलाय ते वाचा. ३.३ साठी तो आकडा ३.३ किंवा त्याखाली दिलेला असायला हवा. गेट ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर विसरू नका, नाहीतर बोर्ड सुरू होईपर्यंत गेट हवेत लोंबकळतं.

## ७. कॉन्टॅक्टची बाजू

इथून पुढे मेन्स. मेन्सच्या वायरिंगची सवय नसेल तर हा भाग निदान समजण्यापुरता वाचा.

प्लग काढून मॉड्यूल उलटं करा आणि उजेडात धरा. एकदा एका मॉड्यूलच्या मागे दोन मेन्स टर्मिनलांच्या मधोमध पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, कोळ्याच्या पायासारखी फाटे फुटलेली. बोर्डाचा पृष्ठभाग जळून तिथे करंटने स्वतःची वाट पाडली होती. दुसऱ्या एकात मॉड्यूल बसवायचा लोखंडी स्क्रू मेन्सच्या सोल्डरपासून नखभर अंतरावर होता आणि त्याच स्क्रूला धातूची पेटी. मेन्स आणि कमी व्होल्टेज यांच्यात ६ ते ८ मिलिमीटर मोकळं अंतर हवं. स्वस्त मॉड्यूलवर ते कित्येकदा नसतं. काळी रेघ दिसली की मॉड्यूल फेकायचं, खरवडून वापरायचं नाही.

रिलेवर छापलेले १० अँपिअर हे साध्या रेझिस्टिव्ह लोडसाठी असतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, एलईडी दिव्यांचे पुरवठेही पहिल्या क्षणी मोठा घोट घेतात. त्याने कॉन्टॅक्ट वितळून जुळतात, आणि टिचकीने सुटणारा रिले तो हाच. टिचकीने सुटला म्हणून वापरत राहू नका, पुढच्या वेळी सुटणार नाही. अशा छोट्या मॉड्यूलवर मेन्सचे २ अँपिअरपेक्षा जास्त मी स्वतः नेत नाही. हा माझा भित्रेपणा समजा.

सुटताना एसी लोडच्या ठिणगीने बोर्ड अडकत असेल तर कॉन्टॅक्टवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) लागतो. कॅपॅसिटर मेन्ससाठीचा, एक्स२ वर्गाचाच. त्याची किंमतही मोजावी लागते: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर सतत झिरपतात, आणि बंद एलईडी दिवा मंद उजळतो. सॉलिड स्टेट रिलेतही (हलत्या कॉन्टॅक्टशिवायच्या इलेक्ट्रॉनिक रिलेत) असंच झिरपतं. शिवाय तो बिघडताना बहुधा चालू अवस्थेतच बिघडतो, आणि एसीसाठीचा असेल तर डीसी लोडवर एकदा लागला की सुटत नाही.

रिले फेजमध्येच हवा. न्यूट्रल तोडलं तर लोड बंद दिसतो, पण त्याला हात लावणाऱ्याला फेज भेटते.

## इथे थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा

जळका वास, तपकिरी पडलेलं टर्मिनल, पेटीला हात लावल्यावर मुंग्या, चालू करताच पडणारा एमसीबी किंवा आरसीसीबी: यातलं एकही असेल तर पुन्हा चालू करून बघू नका. आरसीसीबी पडतोय म्हणजे करंट भलत्या वाटेने जमिनीत जातोय, आणि ती वाट एखादा माणूस असू शकतो. पाण्यातला पंप, तीन फेजची मोटर, भिंतीतली कायम जोडणी, मोठा हीटर, हेही घरगुती प्रयोगाचे विषय नव्हेत. हीटरचा रिले चिकटला तर त्याला तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज तुमच्या कोडच्या बाहेर असायलाच हवा. मोटरला कॅपॅसिटर असेल तर प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहतो, उघड्या टोकांना हात नको.

बोलवताना त्याला आर्डुइनो समजावत बसू नका. लोडच्या पाटीवरचे व्होल्ट आणि अँपिअर सांगा, तासाला किती वेळा चालू-बंद होणार ते सांगा, आणि २४ व्होल्ट डीसी कॉइलचा कॉन्टॅक्टर (मोठ्या लोडसाठीचा दणकट रिले) बंद पेटीत बसवून फक्त कॉइलच्या दोन वायरी बाहेर द्यायला सांगा. त्या दोन वायरी तुमच्या. त्यांना मॉसफेट जोडा, कॉइलवर डायोड लावा, पट्टी अधिक टोकाकडे, आणि शंभर वेळा कोरडं चालवून आकडा मोजा.